चार रविवारांची गुरुसेवा

माझ्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ आली होती, ती माझ्या नम्रपणामुळे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही पालघरला राहायचो आणि मी तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. धाकटी बहीण कुंदा, हिला बोईसरचं स्थळ सांगून आलं. मुलाचे वडील सर्जेराव, मूळचे कोल्हापूरकडचे, बोईसरलाच एका कारखान्यात फोरमन. बोलणी करायला मुलाला घेऊन आले आणि पोह्यांची बशी हातात घेता घेता त्यांची नजर आमच्या भिंतीवर गेली. तिथे आमच्या खापरपणजोबांचा दांडपट्टा टांगलेला होता. कोपरापर्यंत हात आत जाईल असा लोखंडी खोबळा आणि पुढे जमिनीपासून छातीपर्यंत येईल एवढं लांब, लवलवतं पातं. (आई त्याच्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवायची.)

"हा कोण चालवतं?" सर्जेरावांनी विचारलं.

खरं उत्तर 'कोणी नाही' असं होतं. पण आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, पाहुण्यांसमोर साधं 'नाही' म्हणणं फार जड जायचं.

"आमचा बाळू," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी चार हात फिरवल्याशिवाय चहाला शिवत नाही."

बाळू म्हणजे मी. त्या क्षणी मी चहाच पीत होतो. तो चुकीच्या नळीत गेला आणि पुढची पाच मिनिटं मी खोकण्यात घालवली, तेवढ्यात सगळं ठरूनही गेलं. साखरपुडा दीड महिन्यानं, आमच्याच अंगणात, आणि त्या दिवशी बाळूनं सगळ्या पाहुण्यांपुढे पट्टा फिरवून दाखवायचा. सर्जेरावांचे चुलतभाऊ गावाकडून मुद्दाम येणार होते. ते मर्दानी खेळातले जाणकार, हात उचलला की खरं-खोटं ओळखणारे. हे सर्जेरावांनी मला फार प्रेमानं सांगितलं!

पाहुणे गेल्यावर कुंदा माझ्यापाशी आली. याआधी तिनं तीन स्थळं नाकारली होती. या वेळी मात्र मुलाला पोह्यांवर लिंबू लागतं की नाही, ही चौकशी तिनं स्वतः केली होती.

"दादा, मला मुलगा आवडलाय," ती हळूच म्हणाली. "तुझ्यामुळे मोडलं तर मी जन्मभर इथेच राहीन आणि दोन्ही वेळा तुझ्यासमोर जेवायला बसेन."

कुंदाला मी ओळखून होतो. ती बसली असती. मला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही.

आता वस्ताद शोधायचा, तोही खरा. कारण खोट्याकडे शिकलेलं त्या चुलतभावांनी तिथल्या तिथे उघडं पाडलं असतं. पहिला सापडला बोईसरला, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत. 'सर्व प्रकारची शस्त्रे शिकवली जातील' अशी पाटी आणि आत भिंतभर चौकटीतली प्रशस्तिपत्रं. मी भारावून एकेक वाचत गेलो. सगळ्यांवर सही त्यांचीच होती. दांडपट्टा येतो का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आप लेके आओ, देख लेंगे." मी जिना उतरलो.

दुसरा वाणगावला. मी नेलेल्या पट्ट्याची मूठ त्यांनी उलटी धरली. मलाही तोवर एवढं तरी कळत होतं.

दोन आठवडे असे गेले. शेवटी आमच्या स्टोअरमधला कुंभवलीचा हमाल म्हणाला, "सातपाटीला जावा. तिथला धर्मातात्या पट्टा चालवायचा. त्याच्यासारका हात या किनाऱ्याला कोनाचा नाय."

अण्णांना कोण आनंद झाला! पण त्यांनी मला समोर बसवून एक गोष्ट बजावली. खरा वस्ताद मागितल्याबरोबर विद्या देत नाही. आधी सेवा घेतो, माणूस पारखतो. त्यांच्या आजोबांनी म्हणे वस्तादाच्या घरी सहा महिने पाणी भरलं, तेव्हा कुठे मुठीला हात लागला. "तोंडानं हत्याराचं नाव काढायचं नाही," अण्णा म्हणाले. "ते कधी द्यायचं, ते वस्तादाला कळतं."

मी रविवारी नारळ आणि टॉवेल घेऊन सातपाटीला गेलो. धर्मातात्या सत्तरीचे, काळेभोर, सरळ पाठीचे, घरासमोर जाळं सांधत बसले होते. मी नारळ पायाशी ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "तात्या, सेवेला आलोय."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ये तर मग," आणि बोंबलांची ओली टोपली माझ्याकडे सरकवली.

ज्यांनी बोंबील वाळत घातलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबील बुळबुळीत, दात बारीक. पहिल्या दिवशी माझी बोटं चाळणीसारखी झाली. पण मी मनात म्हटलं, वा! ही मनगटाची तयारी आहे. दुसऱ्या रविवारी तात्यांनी ओल्या टोपल्या वाहायला लावल्या. ही खांद्याची. तिसऱ्या रविवारी कावळे हाकलायला सांगितलं. ही नजरेची! मी घरी येऊन प्रत्येक धडा अण्णांना सांगायचो आणि अण्णा डोळे मिटून मान डोलवायचे. आई दारातच माझे कपडे काढून घ्यायची. ऑफिसात शेजारच्यानं टेबल खिडकीपाशी नेलं आणि गल्लीतल्या मांजरांना मात्र मी फार आवडू लागलो.

तात्याही खूश होते. तात्यांची सून मला भाकरी आणि कालवण वाढायची. पण हत्यार काही निघेना. चौथा रविवार मावळायला आला. साखरपुड्याला आठ दिवस उरले. शेवटी अण्णांची शिकवण मोडून मी विचारलं, "तात्या, पट्टा कधी हातात देणार?"

"कंचा पट्टा?"

"दांडपट्टा. मी तो शिकायलाच आलोय."

तात्यांनी हातातली जोडी खाली ठेवली. "आरं, मना वाटला तू कामाला आलास. सेवा सेवा बोललास. मना वाटला कसला नवस हाय तुझा." मग डोक्याला हात लावला. "बोलला का नाय? पयल्याच दिसा शिकवला असता."

मी तिथेच वाळूवर बसलो. साखरपुड्याचं सगळं सांगितलं आणि आठ दिवसांत थोडं तरी येईल का, असं विचारलं.

"आठ दिसात पट्टा येत नाय," तात्या म्हणाले. "आठ दिसात स्वताचाच कान कापता येतो. तू पावन्यांना सगला खरा सांग. मी येतो तुझ्यासंगती."

साखरपुडा झाला. पेढे वाटून झाले. अंगणात पाहुण्यांनी गोल रिंगण केलं, पुढच्या खुर्चीवर सर्जेराव आणि त्यांचे मिशाळ चुलतभाऊ. अण्णांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि स्वतः मागच्या मागे खांबाआड गेले. कुंदा दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

"मला पट्टा येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हता. वस्ताद शोधला, पण मला काय शिकायचंय तेच त्यांना सांगितलं नाही. महिनाभर बोंबील टांगत होतो."

कोणी हसलं नाही. सर्जेराव उठले. "म्हणजे आम्हाला खोटं सांगितलं?"

तेवढ्यात तात्या रिंगणात आले. माझ्या हातून पट्टा घेतला, खोबळ्यात हात घातला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि फिरले. सत्तरीचा माणूस दिसेनासा झाला, नुसतं पातं दिसत होतं. बायकांनी मुलं मागे ओढली. मी चार रविवार ज्यांच्या अंगणात कावळे हाकलले ते हे, असं वाटून मला माझीच लाज वाटली. तात्या थांबले तेव्हा त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

मिशाळ चुलतभाऊ उभे राहिले आणि तात्यांच्या पाया पडले. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"इकडं आल्यापासून मी खरा वस्ताद शोधतोय," ते अण्णांना म्हणाले. "तुमच्या पोरानं महिन्यात शोधून दिला. या घरात सोयरीक नाही करायची तर कुठं?"

दारात कुंदा रडत होती. ती माझ्याकडे रागानं बघत होती की मायेनं, ते अजून कळलेलं नाही.

मग सर्जेराव तात्यांकडे वळले आणि म्हणाले, "तात्या, मला पट्टा शिकवाल?"

"ये रविवारी," तात्या म्हणाले.

एवढंच. ना नारळ, ना टॉवेल, ना कावळे! रविवारी मी सर्जेरावांना सोबत म्हणून सातपाटीला गेलो. त्यांच्या हातात तात्यांनी पट्टा दिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाळू, तुझा हात बसलाय आता. ती टोपली घे."

मी घेतली. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी वर्षभरात पट्टा आत्मसात केला. मी आजही सातपाटीचे बोंबील डोळे मिटून टांगू शकतो, पण तशी मागणी अजून कोणत्याही साखरपुड्यात आलेली नाही.