नव्या कोचला चरोद्याहून सविनय

तिरोड्याच्या फलाटावर मी जे रडले ते आमच्या गावात अजून सांगतात. गाडी यायच्या तासभर आधीच मी सुरुवात केली होती. बाबा धोतराचा सोगा हातात धरून सिग्नलकडे बघत होते, आई पाठीवरून हात फिरवत होती, आणि लग्नाला जेमतेम महिना झालेले आमचे हे, यादोराव, बाजूला गुन्हेगारासारखे उभे होते. नवरा रेल्वेत, तरी गाडी उशिरा, याचाही मला राग आला होता.

जायचं कुठे होतं? चरोद्याला. भिलाईच्या पुढे, मोठ्या यार्डाला लागून रेल्वे कॉलनी आहे तिथे. पाचेक तासांचा रस्ता. पण मी निरोप असा घेत होते की बघणाऱ्याला वाटावं, ही आता जहाजात चढणार. वर हट्ट करून पोतंभर तांदूळ बरोबर घेतला होता, तिकडे खायला काय मिळेल कोणास ठाऊक म्हणून. छत्तीसगडात माहेरून तांदूळ घेऊन जाणारी मीच पहिली असेन. राजनांदगाव गेलं, दोन्ही बाजूंनी धानाची शेतं लागली, ती काही केल्या संपेनात. ह्यांनी एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि गप्प बसले. लग्न नवीन होतं.

आई निघताना म्हणाली होती, "लोकायच्या गावात तोंड मिटून राहाजो." ते मी जवळजवळ तीन आठवडे पाळलं.

हे सगळं आता लिहायचं कारण माझा धाकटा भाऊ दामू. त्याला मागच्या रविवारी मी फोनवर जे उत्तर दिलं, त्यानं त्याचं समाधान झालेलं नाही. गावातल्या बाकीच्यांनीही वाचावं. आणि आमच्यासारखे जे निघून आले, भिलाई-दुर्गकडे मरोद्यात, बोरसीत, कुठेकुठे घरं बांधून बसले, त्यांनीही वाचावं. त्यांना फार समजावून सांगावं लागणार नाही.

तर चरोदा. पहिल्या दिवशी यार्डात वॅगनला वॅगन आदळल्या आणि मी भूकंप समजून घागर घेऊन अंगणात पळाले. घागरच का, ते विचारू नका. पहिल्या रविवारी त्याहून मोठा धक्का बसला. आमचे हे अर्धी चड्डी घालून, गुडघे उघडे टाकून, साऱ्या कॉलनीसमोरून चालत ग्राउंडवर गेले. मी दार लावून घेतलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बिस्वास गार्डांची बायको, आमची बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, खिडकीतून म्हणाली, "अरे, फुटबॉल है, शरमाती काहे को?" मला वाटलं, हा काहीतरी बंगाली आजार असावा आणि तो ह्यांना लागला असावा.

पुढच्या मॅचला बौदीनं मला ओढत नेलं. डोक्यावर पदर, हातात प्रसादाची वाटी. गोल झाला की टाळ्या वाजवायच्या एवढं तिनं सांगितलं होतं, म्हणून समोरच्यांनी गोल केला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. ह्यांनी मैदानातून वळून पाहिलं. तशी नजर मी त्यानंतर फक्त एकदा पाहिली, आणि ती हल्लीच, त्याचं पुढे येतं.

हे लेफ्ट बॅक खेळायचे. म्हणजे डावीकडून येणाऱ्याला अडवायचं काम. कॅप्टन होते बिस्वासदा. आणि मी? मी दर दोन महिन्यांनी माहेरी निघायचे. एकदा तर भांडून दुर्गपर्यंत गेले, तिरोड्याचं तिकीट काढलं, बाकावर बसून यथास्थित रडले, आणि मग आठवलं की संध्याकाळी फायनल आहे. उलट्या लोकलनं परत आले. ह्यांना वाटलं प्रेमानं आली. मी तसंच वाटू दिलं.

मग एक वर्ष असं आलं की सेमीफायनलच्या आदल्या दिवशी बिस्वासदांनी यादी लावली आणि तिच्यात ह्यांचं नाव नव्हतं. त्या जागी एक कोवळा खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस पोरगा, होता. हे मॅचच्या दिवशी बूट गळ्यात अडकवून घरी आले आणि न मळलेले मोजे धुवायला बसले. मी शहाणी काय म्हणाले असेन? "बरं झालं, गुडघे वाचले. आता रविवारी गावाले जाता येईन." आणि खुशीत भजी तळली. हे मोजे पिळत राहिले. त्या बाईला आज कुठे गाठता आलं तर मी तिच्या हातातला झारा काढून घेईन.

पण बिस्वासदांशी हे कधी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. दोघं रिटायर झाले, क्वार्टर सोडावी लागली, तेव्हा कॉलनीच्या बाहेर भिंतीला भिंत लावून घरं बांधली. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चार-पाच रिटायर माणसं बसतात आणि भारताचा फुटबॉल संघ सुधारतात. त्यांचं मंडळ आहे. अध्यक्ष बिस्वासदा, कारण हातांची खुर्ची फक्त त्यांच्याकडे आहे.

यंदा भारताला नवा कोच आला. विलायती. त्यानं पहिली यादी जाहीर केली आणि तिच्यातून जुना लेफ्ट बॅक काढला. पस्तिशीचा माणूस, इतकी वर्षं देशासाठी धावलेला. त्याच्या जागी एक वीस वर्षांचा पोरगा. ओट्यावर दोन पक्ष पडले. आमचे हे फोन कपाळाला टेकवल्यासारखा धरून यादी तिसऱ्यांदा वाचत होते.

"सीनियॉरिटी नावाची काही चीज आहे का नाही?" हे म्हणाले. "त्या पोस्टवर त्याचं लियन आहे!"

रेल्वेत लियन म्हणजे पोस्टवरचा पक्का हक्क, तो कोणाला असा हिसकावता येत नाही.

"यादोराव, ये सिलेक्शन पोस्ट है," बिस्वासदा म्हणाले. "इसमें सीनियॉरिटी नहीं चलता. साहब को जो पसंद, वो खेलेगा."

"मंग त्याले नोटीस कावून नाही दिली? कारण नाही सांगितलं, तोंडी तरी सांगायचं!"

मी चहा घेऊन उभी. मी म्हटलं, खरी भानगड उजवीकडे आहे, तो राइट बॅक परत येतच नाही खाली. कोणी ऐकलं नाही. चाळीस वर्षं मॅच बघून राहिली मी, पण त्यांच्या लेखी अजून ती प्रसादाची वाटीवालीच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोचच्या नावे अर्ज लिहिला. रेल्वेच्या हिंदीत. विषय, संदर्भ, 'सविनय निवेदन है कि', सगळं रीतसर, सात मुद्दे, शेवटी 'सहानुभूतिपूर्वक विचार'. ओट्यावर सह्या सुरू झाल्या. बिस्वासदांनी कागद वाचला आणि परत दिला.

"हम साइन नहीं करेगा."

"कावून?"

"काहे कि वो कोच सही किया. पाँव धीमा हो जाए तो बैठाना पड़ता है. तुमको भी तो हम बैठाया था. सही बैठाया था."

ह्यांनी वळून पाहिलं. तीच ती नजर. मग कागदाची घडी घालून आत गेले.

त्यानंतर तेरा दिवस बोलणं बंद. हातांची खुर्ची भिंतीपलीकडे गेली. बाकीचे दोघं-तिघं आले, पावसापाण्याचं बोलून उठून गेले. मॅच झाली, आपण हरलो, आणि दोन घरांत दोन म्हातारे वेगवेगळ्या टीव्हीवर एकाच वेळी "अरे!" म्हणाले. भिंत पातळ आहे.

आणि नेमका तेव्हा दामूचा फोन. त्याच्या शेजारचं घर विकायला निघालंय, मालक आधी त्यालाच विचारतोय. "ताई, रविवारपर्यंत सांग. किती वर्षं म्हणतेस गावाले यायचं म्हणून. येऊन जा आता."

मी ह्यांना सांगितलं. चाळीस वर्षं या माणसाकडे मी हे मागितलं होतं. रडून मागितलं, उपास करून मागितलं, एकदा भाजीत मीठ न घालता मागितलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "पाहू पुढच्या वर्षी." आणि आता मान वर न करता म्हणाले, "हो म्हण त्याले. चाललो आपण. इथं आता कोण आहे बोलायले?"

घ्या. मागितलेलं मिळालं. मी आत जाऊन कणीक तिंबायला घेतली आणि इतकी तिंबली की तिचं काही करता येईना.

दामू, राग मानू नको. मी गावाला येते तेव्हा वहिनी मला सोनेरी काठाच्या कपात चहा देते. तुम्हा सगळ्यांचे स्टीलचे ग्लास, मला कपबशी. पहिला दिवस सगळे येतात, दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी मी आणि वहिनी टीव्हीसमोर बसतो, आणि तिथे क्रिकेट असतं. आई-बाबा गेले. ज्यांच्यासाठी मी दुर्गच्या बाकावर रडायची, त्यातलं आता तिथं तू आहेस, आणि तुझा गुडघा दुखतो. ती जी पोरगी गावाला जायला रडायची, तिला गाव मिळावं असं मलाही वाटतं. पण जावं लागणार होतं मला, तिला नव्हे.

शनिवारी दुपारी हे झोपले असताना मी टेबलाचा खण उघडला. अर्ज तसाच. पाठवलाच नव्हता. मी उठवून विचारलं, "अजी, हा अजून इथं कावून? टाका ना पोस्टात."

"असा कसा टाकता येते?" हे डोळे चोळत म्हणाले. "थ्रू प्रॉपर चॅनल पाठवा लागते. अध्यक्षाची सही नाही झाली."

म्हणजे बघा. भांडण अध्यक्षाशी, अर्ज अध्यक्षाच्या मताविरुद्ध, आणि पाठवायचा अध्यक्षामार्फत. अडतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस घरचा कागदही वरच्याच्या सहीशिवाय पुढे सरकवत नाही. तेरा दिवस रागानं जळत होते, पण साहेबाला सोडून परस्पर लिहायचं हे काही सुचलं नव्हतं.

मी कागद पदराखाली घेतला आणि मागच्या दारानं बौदीकडे गेले. बिस्वासदा हातांच्या खुर्चीत एकटेच बसलेले. मी कागद पुढे केला. "डाक आहे, साहेब. फॉरवर्ड करायची."

"भाभी, हम बोला ना, साइन नहीं करेगा."

"तुम्हाला पटलं का कोण विचारतं? अर्ज दाबून ठेवता येतो का? नियम सांगा."

हा घाव वर्मी लागला. गार्डसाहेब आयुष्यात कोणाचा अर्ज दाबून बसले नव्हते. चष्मा लावला. पेन मागितलं. तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "आणि दामूकडचं घर आम्ही घेऊन राहिलो. उद्या कळवायचं आहे. पुढचा अर्ज गावावरून येईन."

पेन थांबलं. बौदी आतून बाहेर आली. मग बिस्वासदांनी अर्जाच्या खाली, रिमार्कच्या जागी, सावकाश लिहिलं. मला वाचू दिलं नाही, घडी घालून दिलं.

ह्यांनी ओट्यावर उभ्याउभ्या वाचलं. मी मागून डोकावून वाचलं. अक्षर वळणदार होतं:

'अग्रेषित. सिफारिश नहीं की जाती. आवेदक के बारे में अध्यक्ष की मौखिक टिप्पणी वापस ली जाती है. वह सेमीफाइनल हम हारे थे.'

हे खुर्ची शोधत खाली बसले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता रडतात की काय. पण तसं काही झालं नाही.

"याच्यावर तारीख कावून नाही टाकली बुढ्यानं?" असं म्हणून ताडकन उठले आणि चपला न घालता भिंतीपलीकडे गेले.

अर्ज अजून गेलेला नाही. तारीख पडली, पण मग पत्ता कोणाला माहीत नव्हता, मग त्या विलायती माणसाला हिंदी येते का यावर वाद झाला, मग इंग्रजी तर्जुमा कोणी करायचा यावर. जुना लेफ्ट बॅक संघात परतला नाही. परतेल असंही नाही. वीस वर्षांचा पोरगा चांगला खेळतो, हे ह्यांनी मान्य केलं आहे, पण लेखी देणार नाहीत. राइट बॅकबद्दल मी सांगत होते ते बिस्वासदांना आता कुठे पटतंय, आणि त्यांनी ते स्वतःचं मत म्हणून सांगायला सुरुवात केली आहे.

रविवारी संध्याकाळी दामूचा फोन आला तेव्हा खुर्ची आमच्या ओट्यावर परत आलेली होती आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. बिस्वासदा मूठ आपटत होते. हे, "मले नका सांगू, मी खेळलो आहे तिथं!" म्हणून ओरडत होते. मी एका कानात बोट घालून दामूला सांगितलं, मालकाला म्हणावं घर दुसऱ्या कोणाला दे, आम्ही नाही येत.

"कावून, ताई?" तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळलं. मलाही वाटलं.

तेवढ्यात ओट्यावर काहीतरी मोठ्यानं आपटलं.

"ताई," दामू घाबरून म्हणाला, "कोणाच्या घरी भांडण चालू आहे?"

"आमच्या," मी म्हटलं, आणि फोन ठेवून राइट बॅकचं सांगायला बाहेर गेले.