ओल्या बाभळीच्या पाचरी

गाडी थांबवली की रामहरी चहाकडे जात नाही. आधी सीटखालचा हातोडा काढतो, ट्रेलरच्या कडेने चालतो आणि मालाखालची एकेक पाचर ठोकून ऐकतो. घट्ट बसलेली पाचर 'टण्' वाजते, सुटलेली 'भद्द' वाजते. दर पन्नास किलोमीटरला हे करायचंच. अंगात ताप असला तरी करायचं.

एकतीस वर्षं तो सपाट ट्रेलर चालवतोय. या गाडीला बाजूचे फाळके नसतात, वर छप्पर नसतं. नागापूरच्या एमआयडीसीतून अवजड मशिनं भरायची, ती साखळ्यांनी आवळायची, खाली लाकडी पाचरी मारायच्या आणि निघायचं. साखळी वरून धरते, पाचर खालून. एकीनं कामचुकारपणा केला तर दुसरी एकटी पुरत नाही.

ठोकून ऐकायची सवय बापाची. पाथर्डीच्या अंगाला त्यांचं गाव. बाप कानिफनाथ दसरा झाला की बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघायचा. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही चाकं अशीच वाजवून बघायचा. रामहरी आणि त्याची धाकटी बहीण मनकर्णा त्या गाडीखालीच लहानाची मोठी झाली. रामहरीने पुढे स्टेअरिंग धरलं. मनकर्णाच्या हातात कोयताच राहिला. यंदाही ती आणि तिचा नवरा बजरंग कोपरगावच्या अलीकडच्या एका कारखान्यावर तोडीला होते.

यंदाचा पौष रामहरीला जड गेला.

महिना लागला तेव्हा तो पत्रा दाबायचं मशीन घेऊन फरिदाबादला निघाला. बरोबर दुसरा ड्रायव्हर अमृत. हा देवळाली प्रवऱ्याचा, चाळिशीतला. गाडी चांगली चालवतो, पण तोंड तिच्यापेक्षा जास्त चालवतो. आग्ऱ्याच्या पुढं धुकं लागलं. सकाळचे दहा वाजले तरी बोनेटच्या पुढचं दिसेना. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून दोघं तासभर रांगले. मग तो दिवा डावीकडे वळला, हेही वळले, आणि थांबले तर कुणाच्या तरी भाताच्या गिरणीचं आवार. मागून आणखी तीन गाड्या आत आल्या.

"आण्णा, आता भात भरूनच जाऊ," अमृत म्हणाला. "लोक एवढी आलीत, बरं दिसंल का रिकाम्या हातानं जाणं?"

मशीन उतरवून ते यमुनानगरला गेले. मनकर्णाच्याच कारखान्याचा एक रोलर तिथल्या ओतशाळेत दुरुस्तीला आला होता. ऊस पिळायच्या गिरणीचा हा लोखंडी रोलर, बारा टनांचा. तो परत न्यायचा होता. घाई नव्हती. रोलर तयार नाही, थांबा, असं ओतशाळेनं सांगितलं. थांबले. थंडी अशी की सकाळी साखळीला हात लावला की बोटं आपली राहत नसत. अंघोळ तिसऱ्या दिवशी, तीही अमृतने शिव्या घातल्यावर. घरचं बाजरीचं पीठ होतं. ट्रेलरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून अमृत भाकरी थापायचा आणि ओतशाळेतले कामगार दोन हातांत फिरणारी भाकरी बघायला उभे राहायचे.

चौथ्या दिवशी मालकाचा, कल्याणशेठचा, फोन आला. कारखान्यात चालू असलेला रोलर तडकला होता. जादाचा म्हणजे हाच, यमुनानगरला पडलेला. गिरणी बंद पडली होती.

पाठोपाठ मनकर्णाचा फोन.

"दादा, कवा निघतूस?"

"अजून लेथवरच हाय गं."

"हितं तीनशे गाड्या हुभ्या हायेत. आमचा नंबर दोनशे अकरा. भरलेल्या गाडीतला ऊस वाळून चिपाड व्हायला लागला. तोडलेला ऊस परत जमिनीत लावता येत न्हाई दादा."

"बैलं?"

"बैलं उसाचं वाढं खाऊन कटाळली. मी बी कटाळले. मुकादम म्हनतो, आठवडाभरात न्हाई सुरू झालं तर टोळी कर्नाटकात हालवतो. ह्या थंडीत, बिऱ्हाड घिऊन." वर म्हणाली, "तूच आनतोयस म्हनून मी सगळ्यास्नी सांगून बसलेय. माझं नाक कापू नको."

दोन दिवसांनी दुपारी रोलर क्रेनला लागला. नवं लोखंड, दोन्ही टोकांना बेअरिंग बसायचा आरशासारखा गळा. त्या गळ्यावर एक ओरखडा उमटला तर बारा टन लोखंड भंगार. रामहरीने दोन्ही गळ्यांना ग्रीस फासलं, गोणपाट गुंडाळलं, वर दोरी घट्ट फिरवली. तिथवर त्याचं काम चोख होतं.

मग पाचरींची वेळ आली. ओतशाळेनं निलगिरीच्या वाळलेल्या पाचरी दिल्या. रामहरीने एक हातात घेतली, उलटीपालटी केली आणि बाजूला टाकली.

"हे लाकूड न्हाई, गाजर हाय."

रस्ता रुंद करायला पाडलेली बाभळ त्याने येताना पाहिली होती. तिचा ओंडका त्याने मागून आणला आणि तिथल्या आरागिरणीत चार पाचरी कापून घेतल्या. कापताना भुसा करवतीला चिकटत होता.

अमृत बघत होता. "आण्णा, वली हाय ती."

"बाभळ हाय."

"बाभळ हाय, पर वली हाय."

"तुमच्या प्रवरेला पाटाचं पानी. तुमास्नी बाभळ काय ठावं?"

अमृत साखळ्या आणायला वळला.

खरं म्हणजे रामहरीलाच ठाऊक होतं. बाप बाभळीचा ओंडका वर्षभर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा आणि मगच सुताराकडे न्यायचा. ओल्या बाभळीचं चाक कुणी करत नाही. पण बाभळीवर त्याचा जीव, आणि वर तीनशे गाड्यांची घाई. माणूस आळसाने चुकतो तसा अभिमानानेही चुकतो. रामहरी आळशी नव्हता.

पहिले दोन दिवस धुकंच होतं. लाकूड फुगलेलं राहिलं. हातोडा 'टण्' वाजत होता. दर थांब्याला रामहरी अमृतकडे बघायचा आणि अमृत दुसरीकडे बघायचा. ग्वाल्हेर मागं पडलं तसं आभाळ उघडलं. दिवसा चरचरीत ऊन, अंगातून जाणारा कोरडा वारा. तो वारा गाडीच्या वेगानं दोन दिवस त्या चार पाचरींवरून वाहत होता. थांब्यागणिक 'टण्' थोडा उतरत होता, रामहरी ते आपल्या कानावर ढकलत होता.

सेंधव्याला ते दिवस उगवताना पोचले. पुढं बिजासनचा घाट. तो उतरला की महाराष्ट्र. तिथून कोपरगाव सात तास. कल्याणशेठचा फोन वाजला.

"कुठवर?"

"घाटाच्या तोंडाला."

"शाबास. कारखान्यावर क्रेन आणि फिटर दुपारपासून तयार ठेवलेत. उतरलास की फोन कर."

रामहरी हातोडा घेऊन खाली उतरला. पहिली पाचर ठोकली. आवाज बसका आला. दुसरीचा तसाच. तिसरीला हातोडा लावला आणि ती हलली. चौथ्या पाचरीला उभी चीर गेली होती, तिच्या आणि रोलरच्या मधल्या फटीत त्याची करंगळी शिरली.

माल चढवला की रोलरवरून खाली ट्रेलरच्या पत्र्यावर खडूची एक सरळ रेघ ओढायची, ही त्याची आणखी एक पद्धत. ती रेघ त्याने बघितली. वरचा अर्धा खालच्या अर्ध्यापासून दोन बोटं सरकला होता.

रोलर फिरायला लागला होता. सपाट रस्त्यावर दोन बोटं. घाटाच्या उतारावर, वळणात, ब्रेक मारल्यावर किती, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. साखळीनं धरलाच तरी गळा साखळीच्या कडीवर घासणार. नाही धरला तर खालून येणारी माणसं.

अमृतने करंगळीएवढी फट बघितली. आता बोलायचा हक्क त्याचा होता. तो एवढंच म्हणाला, "पत्र्याचे तुकडे ठोकू मधी. दोन घंट्यात घाट उतरू."

"पत्रा घसरतो."

"शेठ वाट बघतोय आण्णा. तुमची बहीन वाट बघती."

"म्हनूनच." रामहरीने हातोडा चाकाला टेकवला. "चुकी माझी हाय. असा घाट उतरनार न्हाई."

अमृतने साखळ्या आणखी दोन-दोन दाते आवळल्या आणि चाकांना दगड लावले. रामहरी रस्त्याकडेच्या वस्तीत वाळलेली बाभळ शोधत निघाला. वखार उघडायला अजून तीन तास. एका चहावाल्याने बोट दाखवलं. पुढं एक म्हातारा सुतार होता, पूर्वी गाड्या बनवायचा.

सुतार अंगणात शेकत बसला होता. त्याची लेक शिरपूरला दिलेली, त्यामुळं मराठी बोलता यायचं. रामहरीने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाभूळ कधी तोडली?"

"धा-बारा दिवस झाले असत्याल."

"वय काय तुझं?"

"चोपन्न."

"बाप काय करायचा?"

"गाडीबैल."

"अरे अरे," म्हातारा म्हणाला. "त्याला नको सांगू."

"सांगायला राहिला न्हाई बाबा."

"मग सुटलास."

घराच्या मागं गोठ्याच्या भिंतीला बैलगाडीचं एक मोडकं चाक टेकवलेलं होतं. वरची लोखंडी धाव कधीच विकली गेली होती. आरे निखळले होते. पण घेराचे वाकडे लाकडी तुकडे जागच्या जागी होते. चाळीस वर्षं वाळलेली बाभळ, काळी, दगडासारखी. रामहरीने बोटाच्या पेरानं वाजवलं. टण्.

म्हाताऱ्याने तुकडा उचलला, त्याचा आतला बाक रामहरीला दाखवला. "तुझा रोलर गोल, हेही गोल. बस म्हटलं की बसेल."

त्याने तासणी घेतली आणि चार तुकड्यांना पाचरीची उतरण दिली. तासणी लाकडावरून उडत होती, एवढं ते टणक. चार पाचरींना तास गेला. घाई कर असं रामहरी एकदाही म्हणाला नाही. दुसऱ्याच्या हातात तासणी असताना घाई कर म्हणू नये. तो तुकडे धरून बसला.

पाचरी बदलणं हे खरं काम. चारही एकदम काढता येत नाहीत. एक काढायची, तिच्या जागी नवी मारायची, मग समोरची, मग तिरपी. एक निघालेली असताना बारा टन तीन सैल पाचरींवर असतात. त्या वेळी रोलरच्या उतरत्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, बोट मधे घालायचं नाही, बोलायचं नाही. अमृतने घण घेतला. रामहरी पाचर लांब पहारीनं रेटून धरायचा. चौथी पाचर बसली तेव्हा दोघांचे स्वेटर ट्रेलरवर पडलेले होते आणि अंगातून वाफ निघत होती. रामहरीने खडूची रेघ पुसून नवी ओढली.

चारही ठोकून बघितल्या. टण्. टण्. टण्. टण्.

म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. ओल्या पाचरी मात्र मागून घेतल्या. "पाण्यात टाकतो. वर्षानं कामाच्या होतील," म्हणाला.

घाट पहिल्या गिअरमध्ये उतरला. दर वळणाला अमृत खिडकीतून मागं वाकून रेघ बघायचा आणि ओरडायचा, "हाय!" म्हणजे रेघ आहे. तेवढाच एक शब्द तो पाऊण तास बोलला. घाट संपला तसा शिरपूरचा सपाट रस्ता लागला आणि अमृतचं तोंड सुटलं. धुळ्यापर्यंत त्याने गाजर, बाभळ आणि प्रवरेचं पाटपाणी हे तीन विषय चघळले. रामहरीने ऐकून घेतलं. कमावलेलं होतं, घेणं भाग होतं. आणि खरं म्हणजे त्या बडबडीत त्याचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले होते.

मनमाड, येवला. ऊन पिवळं पडलं तेव्हा कारखान्याची चिमणी दिसली. तिच्यातून धूर नव्हता.

गेटपासून टायरगाड्यांची, म्हणजे टायर लावलेल्या बैलगाड्यांची, रांग. ट्रेलर दिसला तशी माणसं उसावर उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. दोनशे अकरा नंबराच्या गाडीच्या जूवर मनकर्णा उभी होती, डोक्याला मफलर, पदर खोचलेला.

"चार वाजता येनार हुतास!" ती ओरडली. "साडेपाच झाले!"

रामहरीने हात वर केला, पण गाडी थांबवली नाही.

क्रेनने रोलर उचलला. मुख्य फिटरने गोणपाट सोडलं, फडक्यानं ग्रीस पुसलं आणि दोन्ही गळ्यांवरून अंगठ्याचं नख गोल फिरवलं. अर्धं मिनिट. रामहरी बाजूला उभा. एकतीस वर्षांत असा किती वेळा उभा राहिला असेल, पण आपल्या चुकीपायी पहिल्यांदाच.

"ओरखडा नाही," फिटर म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला.

रामहरी केबिनमध्ये चढला, बूट काढले आणि झोपला. तेवीस दिवसांत पहिल्यांदा त्याने पाय लांब केले.

जाग आली ती भोंग्यानं. दुसऱ्या दिवशीचं ऊन कललं होतं. चिमणीतून पांढरा धूर निघत होता. रांग हलली, थांबली, परत हलली. तो खाली उतरला तर मनकर्णा ट्रेलरपाशी चहाची किटली घेऊन उभी होती. बजरंग एक पाचर हातात घेऊन निरखत होता.

"ह्ये तर चाकाचं हाय पाव्हणं."

"व्हय."

"आता आमच्या गाडीलासुदिक टायर आलं," बजरंग म्हणाला. "असलं लाकूड बघितलं न्हाई कितीक वर्सं."

मनकर्णाने पाचर त्याच्या हातातून घेतली. "एवढ्याशा लाकडावर आला व्हय माझा कारखाना? दे, आज चुलीला हुतील."

"ठिव खाली ते!" रामहरी एवढ्या जोरात ओरडला की बैलांनी माना वळवल्या. मनकर्णा हसायला लागली. त्याने पाचर तिच्याकडून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि सीटखाली हातोड्याशेजारी ठेवली.

"दोनशे पाच!" वजनकाट्यावरून पुकारा झाला. मनकर्णाने किटली त्याच्या हातात कोंबली आणि बैलांकडे पळाली.