तिथलं छत

श्री. सूर्यकांत भालचंद्र निमकर, वय एक्कावन्न, हुद्दा सेक्शन ऑफिसर. केंद्र सरकारच्या एका खात्यात सरकारी निवासांच्या छतगळतीसंबंधीचे कामकाज पाहतात. मुक्काम दिल्लीत मुनिरकाजवळची सरकारी वसाहत. अपत्य एक, कन्या, इयत्ता दहावी. सदर अधिकाऱ्यांनी पाहणी केलेल्या इमारतीतील एखादे छत पाहायचे राहून गेले, अशी तक्रार आजवर आलेली नाही.

कन्या, म्हणजे केतकी, दिवाळीनंतर शाळेत गेलीच नव्हती. पानिपतच्या जाड ब्लँकेटखाली लॅपटॉप घेऊन ती जपानी शाळकरी मुलींची कार्टून बघत पडून असे. कार्टून म्हटलं की म्हणायची, "ॲनिमे, बाबा." याहून लांब वाक्य तिच्या तोंडून निघालं, तर तिची आई अरुणा ते ऑफिसात फोन करून नवऱ्याला कळवत असे.

सूर्यकांतने रागावून पाहिलं, लॅपटॉप काढून घेतला, परत दिला. मग एका सकाळी तिच्या पलंगाच्या कडेवर बसून त्याने चक्क हात जोडले.

"सोमवारी आली नाहीस तर नाव कापणार आहेत गं. काय कमी आहे त्या शाळेत, एवढं तरी सांग."

केतकीने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "तिथे छत नाहीये, यार."

सूर्यकांतचा जीव भांड्यात पडला. मुलीचं दुखणं आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या खात्याच्या अखत्यारीत आलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो शाळेत गेला आणि मान वर करून वर्गावर्गातून फिरला. छत होतं. सगळीकडे होतं. प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात ओल धरली होती. ती बघून त्याला इतका आनंद झाला, की तो तडक प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत शिरला.

"मॅडम, बच्ची सिर्फ छत की वजह से नहीं आ रही. छत का कुछ हो जाए, तो कल से आ जाएगी."

मराठीत छत डोक्यावर असतं. हिंदीत त्यावर चढता येतं. बाईंनी कप खाली ठेवला.

"छत पे? छत पे क्यों जाना है उसको?"

"वो तो नहीं बताती, मॅडम. बस, छत चाहिए बोलती है."

बाईंनी काउन्सेलरला बोलावलं. तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "घर पे अकेली तो नहीं है ना अभी?"

तेव्हा कुठे सूर्यकांतला कळलं, की हे लोक काय विचारताहेत. आमच्या भाषेत छत म्हणजे हे, वरचं, असं तो पंख्याकडे बोट दाखवून सांगू लागला. बाईंनी हात वर केला. "निमकर जी, भाषा की बात मत कीजिए." डॉक्टरांचं सर्टिफिकेट येईपर्यंत बच्चीला पाठवू नये. आणि सोमवारचा नियम? नियम आपल्या जागी होता.

केतकी घरी एकटी होती. अरुणा करोल बागेत गेली होती. ऑटोत त्याने केतकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ऑटोवाल्याला तो "भैया, जल्दी" एवढंच सांगत राहिला. जिना तो धावत चढला.

केतकी मॅगी खात होती.

तो जमिनीवरच बसला. त्याची धाप ओसरेपर्यंत केतकी काट्याला मॅगी गुंडाळत त्याच्याकडे बघत राहिली.

"फोन का नाही उचललास?"

"सायलेंटवर होता. काय झालं?"

"छतावर कशाला जायचंय तुला?"

"टिफिन खायला." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. स्वच्छ निळं आकाश, शाळेची मोकळी गच्ची, चार मुली डबे उघडून बसलेल्या. पाचवी उशिरा आली. चौघी सरकल्या.

"म्हणजे गच्ची!" तो जवळजवळ ओरडला.

"गच्ची म्हणजे?"

त्याने डोळे पुसले. "तिकडे असं असतं खरंच?"

"छे. तिथेपण लॉकच असतं, मी वाचलंय. आणि आकाश इतकं निळं तर कुठेच नसतं. सगळं खोटं आहे, बाबा."

"मग बघतेस कशाला?"

"त्या सरकतात ना."

सूर्यकांतने स्क्रीनकडे पुन्हा बघितलं. पाचवीने डबा उघडला होता आणि बाकीच्या त्यात डोकावत होत्या.

"तुझ्या वर्गात नाही सरकत कुणी?"

केतकीने लॅपटॉप मिटला.

"पण डबा तर रोज रिकामा यायचा," तो म्हणाला. "आई म्हणायची, पोरगी नीट जेवते. कुठे बसून खायचीस?"

"बसायला जागा नव्हती तिथे."

डबा ती मुलींच्या बाथरूममध्ये, आतून कडी लावून, उभी राहून खात असे. तिथलं छत सूर्यकांतने पाहिलं नव्हतं.