कासवाच्या जागी मगर

न पाहिलेल्या जागेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज अख्ख्या बडोद्यात दुसरा नसेल. आम्ही त्यांना काका म्हणतो. मॉरिशसला प्राण्यांचं एक उद्यान आहे आणि तिथे घंगाळाएवढी कासवं मोकळी फिरतात. ती दुपारी कुठल्या झाडाखाली बसतात, तिथून पिण्याचं पाणी किती पावलांवर आहे, वाटेत चढ कुठे लागतो, हे सगळं काका गोत्रीतल्या आपल्या घराच्या गॅलरीत बसून सांगतात. स्वतः ते सुरतेच्या पलीकडे एकदाच गेलेत. तेही वापीला, लग्नाला.

मॉरिशसला जायच्या बेताचं मूळ मावशीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत घरात आलेल्या कॅलेंडरवर त्या कासवाचं चित्र होतं. "एकदा बघायचंय हं मला हे," एवढं म्हणून मावशी कणीक मळायला गेली. काकांनी ते मनात धरून ठेवलं. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि वर ठळक अक्षरांत 'मोहीम' असं लिहिलं. त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते ना! घोड्यावर होते असं काका म्हणतात, घोड्यांना चारा घालायला होते असं मावशी म्हणते.

मोहिमेची रंगीत तालीम दर डिसेंबरात कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात होते. खांद्याला बॅगा, गळ्यात पासपोर्टची पिशवी, डब्यात ठेपले. तिकिटाच्या खिडकीपाशी काका "हा विमानतळ" असं जाहीर करतात आणि तिथे आम्हाला उगाचच तासभर आधी पोचावं लागतं. तिथून मगरीच्या तळ्यापर्यंत मावशीबरोबर चालत जायचं आणि लागलेला वेळ वहीत टिपायचा. कासवाच्या जागी आम्ही मगर धरली आहे. मगर हलत नाही, त्यामुळे चालून जातं.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, सरळ तिकिटं काढा की!"

"तयारीशिवाय निघायला आपण काय सहलीला चाललोय?" काका म्हणाले.

मग एके दिवशी चेष्टा करायला काही सापडेल म्हणून मी ती वही गुपचूप उघडली. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'अठरा मिनिटं.' पुढे 'सव्वीस, एक बाक.' मग 'पस्तीस, दोन बाकं, बाम.' आणि गेल्या डिसेंबरात 'पन्नास. चार बाकं. उजवा गुडघा. आता आणखी वर्ष थांबून उपयोग नाही.' मावशीने गुडघ्याबद्दल आम्हाला चकार शब्द सांगितला नव्हता. मी वही होती तिथे ठेवून दिली.

या वर्षी काकांनी खरोखरच फेब्रुवारीची तिकिटं काढली. शिवाय एक चाकांची खुर्ची भाड्याने आणली. मावशीला दाखवण्याआधी ढकलायचा सराव हवा, म्हणून त्यांनी तिच्यात मला बसवलं. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो. कमाटीबागेत दुसऱ्या फेरीला आमचा खंडेराव मार्केटातला भाजीवाला भेटला. "अरे भाई, आ शुं थई गयुं?" हे काय होऊन बसलं, म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तोंड उघडणार तोच काका मागून म्हणाले, "तू बोलू नकोस, दम वाचव." दम त्यांना लागला होता. संध्याकाळपर्यंत माझ्या बायकोला चौकशीचे तीन फोन आले आणि भाजीवाल्याकडून शहाळी आली.

मावशीने मात्र खुर्ची बघितली आणि ती उखडलीच. "मी जनावरं बघायला जायचं, की जनावरांनी मला बघायचं? नाही बसायची मी त्यात. तिकिटं परत करा." दोन दिवस ती काकांशी बोलली नाही. एवढ्या जाड वहीत या प्रसंगासाठी पान नव्हतं. काका नुसतेच गॅलरीत बसून राहिले, आणि मला वाटलं, संपली मोहीम.

तिसऱ्या दिवशी काकांनी आपली पाठ धरल्याचं जाहीर केलं. ही पाठ रोज सकाळी गावाबाहेरच्या छाणीपर्यंत तरातरा चालून येते. "डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलंय." मी विचारलं, कुठल्या डॉक्टरांनी? "आहेत एक." दुपारी दुसरी खुर्ची आली.

मावशी बराच वेळ दोन्ही खुर्च्यांकडे बघत राहिली. मग "खोटारडे मेले," असं म्हणाली आणि पदर सावरून बसली.

परवा शेवटची तालीम झाली. मावशीला मी ढकलत होतो, काकांना माझी बायको. बागेतली पोरंटोरं माकडं सोडून आमच्या मागे आली. तळ्यापाशी आम्ही दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या.

"पाठ कुठे दुखते हो तुमची?" मावशीने विचारलं.

"इथे."

"काल तिथे होती."

मग तीच पुढे म्हणाली, "आज किती वेळ लागला?"

काकांनी सवयीने मनगट वर केलं. मग घड्याळावर बाही ओढली आणि म्हणाले, "लागला तेवढा लागला. तू मगर बघ."

मगर हलली नाही. आम्हीही बराच वेळ हललो नाही. वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.