रुखवताच्या कुरडयांवर ग्रायंडर

‘आज बाल्कनीचं काम होत नाही, तुम्ही खुशाल कुरडया घाला,’ असं शेजारच्या वहिनींना मीच सांगितलं. आणि दुपारी त्याच कुरडयांच्या डोक्यावर ग्रायंडर मीच चालवायला लावला.

डोकं फिरलं होतं ते वेल्डिंगवाल्यावर. दुकान माझ्या लातुरातल्या गल्लीच्या तोंडाशी, पण फोन केला की हा शिरूर अनंतपाळला, नाहीतर थेट नांदेडला. महिनाभर ‘उद्या पक्कं, साहेब’. त्या सकाळी मी त्याला फोनवर पोटभर शिव्या घातल्या आणि नाद सोडला. तर दुपारी हा पठ्ठ्या टेम्पोत रेलिंग घालून दारात! परत पाठवला असता तर दिवाळीलाच उगवला असता.

वर नेऊन लावलं, तर रेलिंग दोन बोटं लांब.

‘माप कुणी घेतलं रे हे?’ मी ओरडलो.

‘तुम्हीच फोनवर सांगितलं की! माझ्यावर काहून बोंबलून राहिले?’ तोही तापला. ‘कापू का नेऊ वापस?’

‘काप!’

ग्रायंडरच्या ठिणग्यांचा फवारा खाली वहिनींच्या गच्चीवर गेला. तिथं काय वाळतंय, हे मला वहिनींची आरोळी ऐकल्यावर आठवलं. लेकीच्या रुखवतात मांडायच्या कुरडया. गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या, अजून ओल्याच. त्यांच्यावर काळा लोखंडी कीस मिरपुडीसारखा बसलेला. लग्न चार दिवसांवर. पुन्हा गहू भिजवून चीक काढायचा, कुरडया घालायच्या, वाळवायच्या, एवढा वेळ कुठला?

मी अक्कल चालवली. जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन गच्चीवर धावलो आणि पहिल्याच गुलाबी कुरडईवर फिरवलं. कीस निघाला. कुरडईपण निघाली. चुंबकाला चिकाचे धागे लोंबायला लागले.

‘ठेवा ते खाली!’ वहिनी कडाडल्या. नवरी जिन्यात बसून रडत होती.

‘वहिनी, तो वेल्डिंगवाला लई बदमाश हाय, त्यानं—’

‘त्याला काय माहीत हितं काय वाळतंय? तुम्हाला माहीत होतं ना?’

तेवढ्यात वर ग्रायंडर पुन्हा सुरू झाला. मी त्याला थांब म्हणायचंच विसरलो होतो.

वहिनींनी वर बघितलं, मग माझ्याकडे.

‘भावजी, ते रेलिंग बाल्कनीला कशाला लावून राहिले? तुमच्याच भवती लावा. गल्ली तरी वाचंल.’