रिकाम्या पेटीचा गारवा

ओल्या लाकडी भुशाचा वास आला की मी आजही थबकते. कुणाच्या घरी सुतारकाम चाललेलं असतं, नाहीतर रस्त्याकडेला बर्फाची लादी उतरवत असतात, आणि मला भिलईतला मे महिन्यातला एक दिवस जसाच्या तसा आठवतो. वितळणारा बर्फ, खाली मांडलेल्या बादल्या आणि त्यांत पडणारे संथ थेंब. पोलीस सेवेत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि ज्यांनी ते केले त्यांच्यावरचा माझा राग निकालाबरोबर ओसरत गेला. एका रिकाम्या पेटीवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. संबंधित माणसं हयात आहेत आणि त्यांतली बहुतेक प्रतिष्ठित आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

त्या वेळी सुपेला भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, रोजनामचा लिहायला बसला होता. तेवढ्यात शहरातल्या एका सेवा-क्लबचे अध्यक्ष आपल्या कार्यकारिणीसह आत आले. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, एकाच्या हातात कॅमेरा. अध्यक्षांनी तक्रार अर्ज माझ्यापुढे केला, मी तो धरला, पण त्यांनी आपलं टोक सोडलं नाही. फोटो निघाला, मग अर्ज माझ्या हातात आला.

क्लबच्या सभागृहातून शव-फ्रीजर चोरीला गेला होता. मृतदेह ठेवण्याची, काचेच्या झाकणाची, विजेवर गार राहणारी पेटी. क्लब ती कुणालाही विनामूल्य देत असे.

त्या पेटीचं मोल भिलईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोलाद कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये घराघरांतली मुलं शिकली आणि दूरदेशी गेली. मागे उरली ती निवृत्त माणसं, त्यांच्या दारातले आंबे आणि खिडक्यांतले कूलर. इथे कुणी गेलं की पहिला फोन मुलाला होतो आणि दुसरा पेटीसाठी. मूल विमानात असतं, बाहेर ऊन भट्टीसारखं असतं, आणि ते मूल दारात येईपर्यंत बापाचा चेहरा बापाचाच राहावा, एवढं त्या पेटीचं काम. असं काम उभं करणाऱ्या लोकांबद्दल मला आदर होता. आजही आहे, आणि म्हणूनच चीड अधिक आहे.

सभागृहाचं कुलूप तुटलेलं नव्हतं, दाराला ओरखडा नव्हता. मी अध्यक्षांना विचारलं, किल्ल्या कुणाकुणाकडे असतात? त्यांना तो प्रश्न गौण वाटला. त्यांच्या दृष्टीने मुख्य गोष्ट अशी होती की लवकरच प्रांतपालांचा, म्हणजे क्लबच्या प्रांतिक प्रमुखांचा, दौरा होता आणि पाहणीत पहिला मान त्या पेटीचा होता. गुन्हा ताबडतोब नोंदवला जावा यासाठी त्यांनी वरिष्ठांनाही फोन करून ठेवला होता. मी गुन्हा नोंदवला.

मंडळी अजून चहा घेत होती तोच सेक्टर दहामधून दोन शेजारी घाईघाईने आले. त्यांच्या ओळीतले एक निवृत्त फोरमन पहाटे वारले होते. पेटीसाठी क्लबला फोन केला, तर क्लबचे सगळे पदाधिकारी ठाण्यात गेल्याचं समजलं. त्यांनी अध्यक्षांना विचारलं, दुसरी काही सोय होईल का? अध्यक्षांनी दुःख व्यक्त केलं, चोरांना दोष दिला आणि शोकसंदेश पाठवण्याची सूचना सचिवांना केली.

सेक्टर दहा माझ्या हद्दीत येत नव्हतं. तरी मी गेले.

पुढच्या खोलीत पलंग भिंतीकडे सरकवला होता. मधोमध फळ्यांच्या बाकावर गोणपाट, त्यावर भुसा, बाकाखाली बादल्या, भुशावर बर्फाच्या लाद्या आणि लाद्यांवर पांढऱ्या चादरीत ते गृहस्थ. उदबत्तीचा धूर कूलरच्या वाऱ्याने मोडत होता. उशाशी त्यांची पत्नी बसली होती, कपाळावर कुंकवाचा पुसट डाग आणि हातात एक कोरडा पंचा. चेहऱ्यावर बर्फाची ओल जमली की ती टिपायची, थोडं थांबायची, पुन्हा टिपायची. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, शेती सोडून कारखान्यात आलेलं. माझा गणवेश पाहून ती आधी हिंदीत बोलू लागली. मग छातीवरच्या पट्टीवरचं माझं आडनाव वाचून थांबली.

"तुमाले मराठी येते?"

"येतं काकू. दुर्गचीच आहे मी."

"मंग आयका. पोरगं कॅनडाऊन निघालं हाय. उद्या सांजेले पोचन म्हणते. त्याले बापाचं तोंड दिसलं पायजे, बाई. एवढंच. बरफ पुरन का हो तवरोक?"

मी म्हटलं, रुग्णालयाच्या शवगृहात ठेवता येईल, मी आत्ता व्यवस्था करते. तिने पंचा खाली ठेवला.

"जन्मभर नाइट शिफ्ट केली यायनं. कोक ओव्हनवर. म्या रातभर दाराकडं कान ठेवून झोपलो. आता यायले एक रात घराबाहेर नाही ठेवत."

दूर कारखान्याचा भोंगा झाला. तिने सवयीने दाराकडे पाहिलं. मला त्यानंतर शवगृहाचा विषय काढता आला नाही.

ठाण्यात परतले तेव्हा आमच्या प्रधान आरक्षकाने, म्हणजे हवालदाराने, खबर आणून ठेवली होती. सुपेला चौकातल्या एका फुलवाल्याने आदल्या दिवशी भर दुपारी एका पिकअप गाडीतून ती पेटी जाताना पाहिली होती. क्लबच्या एका जुन्या बॅनरमध्ये गुंडाळलेली, रायपूरच्या दिशेने. चोरीची अशी तऱ्हा मी आधी पाहिली नव्हती. पेटीत मृतदेह आहे असं समजून लोकांनी हात जोडले होते, रिक्षा बाजूला झाल्या होत्या, फुलवाल्याने मूठभर झेंडू वाहिले होते. आणि चौकातल्या आमच्याच वाहतूक शिपायाने शिटी फुंकून गाडीला वाट करून दिली होती.

किल्ल्या तिघांकडे होत्या. चौकीदार आणि सचिव यांच्याशी बोलून फारसं काही निघालं नाही. तिसरे माजी अध्यक्ष. पदावरून उतरले तरी त्यांनी किल्ली परत केली नव्हती, आणि ती मागण्याचं धाडस कुणाला झालं नव्हतं. लोखंडाचे व्यापारी, रायपूरच्या वाटेवर कुम्हारीला गोदाम. मी त्यांना बोलावलं. ते शांतपणे आले, सोबत प्रशस्तिपत्रांची एक जाड फाइल. पेटीबद्दल विचारलं की ते रक्तदान शिबिरांवर यायचे, गोदामाबद्दल विचारलं की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर. आपल्या काळात क्लब कुठे होता आणि आता कुठे आहे, यावर त्यांनी मला व्याख्यान दिलं. मध्ये सेक्टर दहामधून फोन आला. पहिल्या लाद्यांचं पाणी झालं होतं, बर्फ पुन्हा मागवला होता, पण बर्फाच्या कारखान्यात त्या दिवशी लग्नघरांच्या ऑर्डरी आधी होत्या.

घाबरणारा माणूस दरडावल्याने बोलतो. मानी माणूस दरडावल्याने गप्प होतो. हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी फाइल मिटली आणि मुन्शीकडे वळून, जणू विषय संपला अशा स्वरात म्हटलं, "रहने दो. सुना है डिब्बा वैसे भी खटारा था. ठंडा ही नहीं करता था."

माजी अध्यक्ष खुर्चीत ताठ झाले.

"खटारा? मॅडम, मेरे पिताजी के नाम का डिब्बा है. आज सुबह भी चलाकर देखा. एकदम बर्फ."

हवालदाराने अत्यंत आदराने विचारलं, "कहाँ चलाकर देखा, सेठजी?"

मग सगळं बाहेर आलं. पेटी त्यांनीच वडिलांच्या स्मरणार्थ क्लबला दिली होती, झाकणाखाली सोनेरी अक्षरांत वडिलांचं नाव होतं. नव्या अध्यक्षांनी पदग्रहण केल्यावर पेटीवर आपल्या नावाचं आणि आपल्या वर्षाच्या घोषवाक्याचं स्टिकर लावलं. ते नेमकं त्या सोनेरी अक्षरांवर बसलं. यांनी बैठकीत हरकत घेतली, ती इतिवृत्तात आली नाही. तेव्हा यांनी पेटीच नेली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की सेक्टर दहामध्ये एक माणूस या क्षणी भुशावर पडून आहे. ते म्हणाले, मला कुणी कळवलंच नाही. मला सन्मानाने विचारलं असतं तर मी स्वतः पेटी घेऊन गेलो असतो.

मी हवालदाराला गाडी काढायला सांगितली आणि त्यांना सोबत घेतलं.

कुम्हारीच्या गोदामात शिरलो तेव्हा आधी कानावर आली ती कॉम्प्रेसरची घरघर. सळ्यांच्या राशींमध्ये, पत्र्याच्या तापल्या छताखाली, पेटी चालू होती. काचेवर दव होतं. वडिलांच्या नावावरचं स्टिकर नखांनी खरवडून अर्धं काढलेलं, त्याच्याजवळ ताजा हार. मी झाकण उचललं आणि तोंडावर इतका निर्मळ, इतका गार झोत आला की क्षणभर बरं वाटलं. मग आत पाहिलं. आत काही नव्हतं. तिकडे बादल्या भरत होत्या आणि इथे रिकामी जागा मनापासून गार होत होती.

पंचनामा सुरू झाला. नवे अध्यक्षही आपल्या लोकांसह पोहोचले होते, कॅमेऱ्यासकट. जप्ती पत्रकात वस्तूवरचा मजकूर लिहावा लागतो. त्यावरून वाद पेटला. स्टिकरचा उल्लेख आधी करायचा की सोनेरी अक्षरांचा? अर्धं फाटलेलं नाव पूर्ण लिहायचं की फाटलं आहे तेवढंच? हवालदार लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, इतने नाम हैं डिब्बे पर. मरनेवाले की जगह कहाँ है?"

त्यानंतर त्याने दबक्या आवाजात मला खरी अडचण सांगितली. गुन्हा नोंदलेला होता. जप्त वस्तू म्हणजे मुद्देमाल, तो ठाण्याच्या मालखान्यात जमा व्हायला हवा, आणि तिथून तो न्यायालयाच्या आदेशाशिवाय हलत नाही. मी दोन्ही गटांना एकत्र उभं केलं आणि विचारलं, दोघांनी मिळून ही पेटी स्वीकारण्यास संमती दिली तर मी आत्ता ताब्यात देते, सरळ सेक्टर दहाला जाऊ द्या. नवे अध्यक्ष म्हणाले, त्यांची सही असेल तर आमची नाही. माजी अध्यक्ष म्हणाले, त्यांच्या हाती देण्यापेक्षा मालखान्यात राहिलेली बरी. नव्यांनी लगेच मान डोलावली: हो, मालखाना चालेल. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट असावी.

मळके कपडे घातलेले चोर मी पुष्कळ पाहिले होते, त्यांना चार शब्द सुनावता तरी येतात. इथे समोर स्वच्छ पांढरे सदरे होते, चंदनाचा मंद वास होता, बिल्ल्यांवर सेवेचे शब्द कोरलेले होते. दोघांपैकी एकाच्याही मनात दुष्टावा नव्हता.

कायद्यात एक अरुंद वाट होती. जप्त वस्तू ठाण्यात ठेवणं अडचणीचं असेल तर ती एखाद्या व्यक्तीच्या हवाली करता येते. त्या व्यक्तीने सुपुर्दनामा लिहून द्यायचा, म्हणजे सांभाळण्याची आणि न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. ही व्यक्ती फिर्यादीच असावी, असं मला कुठे लिहिलेलं आढळलं नाही. आमचा मालखाना मोडक्या सायकलींनी खच्चून भरलेला होता, ही अडचण मी रोजनामच्यात खरीखुरी नोंदवली. पेटी पिकअपवर चढवली. नवे अध्यक्ष विचारत होते, कुणाच्या नावे? मी म्हटलं, जिला गरज आहे तिच्या. कॅमेरेवाल्याला मी गाडीत बसू दिलं नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्याने बापाचं तोंड पाहिलं. खटला पुढे आपसात मिटला, वरून मला सुपुर्दनाम्याबद्दल लेखी विचारणा झाली, मी लेखी उत्तर दिलं. माजी अध्यक्षांनी आपला वेगळा क्लब काढला आणि वडिलांच्या नावाची नवी, पहिलीपेक्षा मोठी पेटी घेतली. नव्या अध्यक्षांनीही जुनी दुरुस्त करून रंगवली. अशा रीतीने शहराला दोन पेट्या मिळाल्या, दोन्ही आजतागायत लोकांच्या उपयोगी पडतात, आणि याचाही मला थोडा रागच येतो. भांडणातून भलं निघालं की भांडणारे कधीच शिकत नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगते, तपासात हेतू शोधताना लोभ, वासना, सूड यांच्या पलीकडेही पाहा. चांगलं काम करणारा माणूस त्या कामावर आपलं नाव लिहितो, इथवर ठीक आहे. पुढे एखाद्या दिवशी तो कामापेक्षा नाव जपू लागतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. त्याला कुणी सांगतही नाही, कारण सगळे टाळ्या वाजवत असतात. इतकंच. याहून मोठं शहाणपण माझ्यापाशी नाही.

मात्र पेटी घरी पोहोचवली त्या संध्याकाळचा शेवटचा तुकडा सांगायचा राहिला. पेटी पुढच्या खोलीत लागली, शेजाऱ्यांनी दोन्ही नावांवर एक सुती लुगडं टाकलं, भुसा झाडून बाहेर काढला. घरघर सुरू झाली आणि थेंबांचा आवाज थांबला. मी काकूंसमोर जमिनीवर बसून सुपुर्दनाम्याच्या अटी त्यांना मराठीत समजावून सांगितल्या. वस्तू नीट सांभाळीन, तिची मोडतोड होऊ देणार नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. त्या सगळं ऐकत होत्या, नजर काचेवर. त्यांनी सही केली. मग नियमाप्रमाणे मी विचारलं, काकू, तुमच्या हवाली काय केलं आहे, काय सांभाळायचं आहे, ते समजलं ना?

त्यांनी पदराने काचेवरचं दव पुसलं. आतला चेहरा स्वच्छ दिसू लागला.

"यायले."