सोलापूर खाली राहिलं

पिंपळगाव बसवंतला कारभारी मोऱ्यांच्या पॅकहाउसात मालनबाईंनी चौदा वर्षं द्राक्षं भरली. घड देठाला धरायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, मण्यांवरच्या पांढुरक्या थराला बोट लागू द्यायचं नाही. त्यांनी भरलेली पेटी कुणी पुन्हा उघडून बघत नसे.

२००४ च्या फेब्रुवारीत मोऱ्यांनी हैदराबादजवळच्या एका बागेतला माल घेतला. तिथल्या बायकांनी परदेशी जाणारा माल कधी भरलेला नव्हता आणि कंटेनर तर पाच दिवसांत निघायचा होता.

"मालनबाई, तुम्हीच जा. उद्याचं विमानाचं तिकीट काढलंय."

"इमानानं? अण्णा, एस्टी नाय का जात तिकडं?"

"दिवस मोडेल. मुंबईहून विमानानं सव्वासहाशे किलोमीटर. सव्वा तासात पोचाल."

सव्वा तासात पंधरा-वीस पेट्या होतात, एवढंच मालनबाईंच्या मनात आलं. प्रत्यक्षात जीपनं मुंबई गाठण्यातच निम्मा दिवस गेला. विमान उडालं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले. पट्टा लावून देणारे शेजारचे वयस्कर गृहस्थ मराठी निघाले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पाऊण तास झाला असेल. गृहस्थ खिडकीकडे वाकून म्हणाले, "ते लांब पाणी चमकतंय ना, ते हिप्परग्याचं तळं. आमचं सोलापूर."

मालनबाईंनी दचकून पाहिलं. त्यांची संध्या सोलापुरातच दिली होती. तिला सासरीच मुलगा झाला, तो दीड वर्षाचा झाला, तरी आजीनं त्याला पाहिलं नव्हतं. कधी हंगाम, कधी छाटणी, आणि सोलापूर लांब, असं त्या दर वेळी सांगत.

"मुंबईपासनं किती असंल हो?"

"सरळ धरलं तर साडेतीनशे किलोमीटर."

तळं मागे सरकत गेलं, दिसेनासं झालं, तरी मालनबाईंची मान तिकडेच वळलेली होती.

हैदराबादेत भाषेचा पत्ता नव्हता. मालनबाई बायकांचा हात हातात घेत आणि देठावर नेऊन ठेवत. त्यांतली एक बाई सारखी अख्खा घड तळहातावर घेई. तिला त्यांनी दिवसभर आपल्याशेजारी उभं केलं. चौथ्या दिवशी पेट्या मनासारख्या भरल्या गेल्या. कंटेनर वेळेत निघाला.

अण्णांचा फोन आला. "झकास काम केलंत. परतीचं विमान उद्या दुपारचं."

"अण्णा, मी रेल्वेनं येते. वाटेत सोलापूरला उतरणार हाये. पोरीकडं."

"अहो, ऐन हंगामात? इथं माल पडलाय."

"चौदा वर्षांत हंगामाचा एक खाडा नाय केला मी. आठ दिवस नाय यायची."

अण्णा म्हणाले, "आठच हं."

स्टेशनवर संध्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. आईला पाहून तिला रडू फुटलं. आई रडते म्हणून पोरानंही भोकाड पसरलं. दोन दिवस ते आजीकडे फिरकलं नाही. मग एका दुपारी आपण होऊनच येऊन मांडीवर बसलं.

मालनबाई आठाचे दहा दिवस राहिल्या. परतल्यावर अण्णा घुश्शातच होते, धड बोलेनात. पण परदेशी जाणाऱ्या मालाच्या टेबलाशी मालनबाईंची जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती. मालनबाईंनी पदर खोचला, कात्री उचलली आणि कामाला लागल्या. पुढच्या वर्षापासून छाटणी उरकली, की त्या न विचारता सोलापूरची एसटी धरू लागल्या.